तीन अग्राह्य नोंदी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वजनमाप निरीक्षकाने आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची उंचीची पट्टी बाद ठरवली. पट्टीवर लाल कागद डकवला, शिक्का मारला, तारीख घातली आणि खाली सही केली. चूक एकोणीस मिलिमीटरची होती. आठ महिन्यांपूर्वी भिंतीला रंग देताना रंगाऱ्याने पट्टी सोलून काढली होती. परत चिकटवताना जमिनीला टेकवून लावायची ती त्याने बोटभर वर लावली.

"म्हणजे आठ महिन्यांत इथे मोजलेलं प्रत्येक मूल खऱ्यापेक्षा एकोणीस मिलिमीटरने बुटकं नोंदलं गेलंय," निरीक्षक म्हणाला. पोलादी मीटरपट्टी फडक्याने पुसून त्याने ती लाकडी पेटीत ठेवली.

केंद्राच्या सिस्टर बावीस वर्षं त्याच खोलीत काम करत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल कागद वाचला.

"बरं झालं दाखवलंत, साहेब. रंगाऱ्याचा कान धरते मी. पण मी जे पत्रात लिहिलं ते वेगळंच आहे."

पत्राचीच तर सगळी कटकट होती. मागच्या मंगळवारी निरीक्षकाची बायको मुलीला लस द्यायला इथे घेऊन आली आणि घरी जाताना हातात पत्र घेऊन गेली: मुलीची उंची वाढत नाही, मोठ्या इस्पितळात दाखवावे. निरीक्षकाने पत्र दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मोजलं कशाने?" एकवीस वर्षं तो हाच प्रश्न विचारत आला होता. बाजारात त्याला पाठीमागे 'पावग्रॅम' म्हणत. पावग्रॅम आला की माशीसुद्धा काट्यावर बसायला घाबरते, असं किराणावाले एकमेकांना सांगत. काट्याच्या तळाशी चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, बोटाने हळूच दाबलेलं पारडं हे सगळं त्याला दारातूनच कळायचं. कुणाचा चहा घ्यायचा नाही आणि कुणाच्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा बाणा.

आज त्याची बायको बाकावर बसली होती. मांडीवर मुलगी. वय दोन वर्षं आठ महिने, गोबरे गाल, पुढे आलेलं पोट. घरात सगळे तिला ठमी म्हणत. पहिल्या वर्षी ती वयाच्या मानाने चांगली थोराड होती, तेव्हाच ते नाव पडलं.

"साहेब, असं बघा," सिस्टर म्हणाल्या, "पट्टी बोटभर वर आहे, तर ती सगळ्यांसाठीच वर आहे ना? त्याच पट्टीवर बाकीची पोरं आठ महिन्यांत पाच-पाच सेंटीमीटर वाढली. ही वाढली सात मिलिमीटर. पट्टी काय एकट्या हिच्यावर रुसली होती?"

"चुकीच्या मापावरून निष्कर्ष काढता येत नाही, सिस्टर."

"निष्कर्ष डॉक्टर काढतील. मी नुसतं दाखवा म्हणतेय."

निरीक्षकाने ठमीचं कार्ड मागून घेतलं. बाद पट्टीवर घेतलेल्या तीन नोंदी होत्या: ८२.४, ८२.८, ८३.१. तिन्हींवर त्याने लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'अग्राह्य'. मग पेन्सिलीने शेवटच्या आकड्यात एकोणीस मिलिमीटर मिळवले आणि वाढीच्या तक्त्यावर पंच्याऐंशीचा नवा ठिपका काढला. ठिपका खालच्या रेघेच्या वर आला.

"बघ," त्याने कार्ड बायकोसमोर धरलं.

"केसभर वर आहे," ती म्हणाली.

"केसभर का होईना, वर म्हणजे वर."

जाताना त्याने लेखी सूचना दिली: प्रमाणित साधन येईपर्यंत केंद्रात उंचीची नोंद घेऊ नये.

"नवीन कधी येणार?" सिस्टरांनी विचारलं.

"मागणी करा."

"इथे थर्मामीटर मागवला तर ताप उतरून पोर शाळेत जायला लागतं, मग तो येतो, साहेब."

बाकावरची दुसरी एक आई हसली. निरीक्षक हसला नाही. त्याने सूचनेची पोच घेतली.

उंची मोजायची नवी फळी यायला चौदा महिने लागले.

या चौदा महिन्यांत घरात एकच विषय होता आणि तो कुणी सरळ काढत नव्हतं. निरीक्षकाची आई म्हणायची, "आपल्या घराण्याची उंचीच बेताची. तू तरी कुठे मोठा ताडमाड लागून गेलास?" आणि मुलगा कामावर गेला की सुनेला ऐकू जाईल अशा बेताने, "यांच्या माहेरची अंगकाठी उतरलीय. आमच्यात असलं कधी नव्हतं." सून भांडी जरा जोरात ठेवायची.

तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ठमीचे गेल्या वर्षीचे फ्रॉक लांबीला अजून बरोबर बसत होते, फक्त पोटावर ताटत होते. रात्रंदिवस नाक चोंदलेलं असायचं. कान तर सारखा फुटायचा. आधी 'चांदोबा' म्हणायची, ती आता नुसतं 'चां' म्हणून बोट वर करायची आणि ते बोटही पुरतं सरळ होत नव्हतं.

"अहो, हिची मूठ पूर्ण उघडत नाही. बघा ना."

"लहान मुलं मुठी वळतातच."

"लहान म्हणजे किती लहान? पुढच्या महिन्यात साडेतीनची होईल."

"नवी फळी येऊ दे. रीतसर मोजू."

"तुमच्या कपाटात ती पट्टी आहे की. सगळ्या दुनियेचं मापून येता."

"घरचं माप कुठे धरत नाहीत."

"मी कुठे धरायला सांगतेय? नुसतं मोजा म्हणतेय."

"रविवारी बघू," निरीक्षक म्हणाला.

पोलादी पट्टी कपाटातल्या पेटीत, मखमलीच्या खाचेत असायची. तापमान बदललं तर तिची लांबी किती बदलते, हेही त्याला पाठ होतं. रविवारी तो सायकल पुसायचा, पंखा उघडून त्यात तेल घालायचा, आईची औषधं आणायचा. असे साठ रविवार गेले. एका रविवारी त्याने पेटी बाहेर काढली होती. ठमी भिंतीशी उभी राहिली, कारण कुणी काही काढलं की आपण भिंतीशी उभं राहायचं हे तिला केंद्रात शिकवलेलं होतं. त्याने मखमल झटकली आणि पेटी परत ठेवली. हे बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

नवी फळी सोमवारी आली. तपासणी निरीक्षकाचीच होती. साडेनऊला तो केंद्रात पोचला, लाकडी पेटी उघडली, दहा ठिकाणी माप ताडून पाहिलं. फळी बिनचूक निघाली. त्याने हिरवा कागद डकवला आणि सही केली.

बाहेर ओळ लागली होती. सिस्टरांनी गावभर निरोप धाडला होता. ओळीत तिसरी ठमी होती, आईचा पदर धरून.

"ये गं राणी," सिस्टर म्हणाल्या. चपला काढल्या, टाचा फळीला लावल्या, पाठ टेकवली. गुडघे मात्र सरळ होईनात. सिस्टरांनी तळहाताने हलकेच दाबून पाहिलं, ठमी कुरकुरली, त्यांनी सोडून दिलं. वरची सरकपट्टी डोक्यावर टेकली.

"पंच्याऐंशी पूर्णांक नऊ."

"थांबा." निरीक्षक स्वतः वाकला. नियमाप्रमाणे माप तीनदा घ्यायचं असतं. त्याने तीनदा घेतलं. तिन्ही वेळा पंच्याऐंशी पूर्णांक नऊ.

ओळीत ठमीच्या मागे तिच्याच वयाचा, शेजारच्या गल्लीतला एक मुलगा उभा होता. तो मीटरच्या पुढे भरला.

वजाबाकी करायला कागद लागणार नव्हता. चौदा महिन्यांत नऊ मिलिमीटर. त्याआधी आठ महिन्यांत सात. त्या सातमध्ये रंगाऱ्याची चूक कुठेच नव्हती. पहिल्या नोंदीत ती जेवढी होती तेवढीच शेवटच्या नोंदीतही होती, आणि दोन मापं एकमेकांतून वजा केली की ती आपोआप गळून पडत होती. खात्यात नव्याने लागलेल्या मुलांना हे तोच शिकवायचा. काटा रोज दहा ग्रॅम खोटा दाखवत असेल तर माल विकायला तो नालायक. पण काल आणि आज यांतला फरक तो खराच सांगतो. परीक्षेत हा प्रश्न तो दरवर्षी घालायचा. सिस्टरांनी ते न शिकता एका वाक्यात सांगितलं होतं, आणि त्याने त्यांच्याकडून पोच घेतली होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "ते पत्र..."

सिस्टरांनी खण उघडला. वरच्याच फायलीत पत्राची प्रत होती. त्यांनी नवीन कागदावर ते जसंच्या तसं उतरवलं. बदलली ती तारीख आणि वय. मग खाली एक ओळ वाढवली: 'बोटे व गुडघे सरळ होत नाहीत.'

"उद्याच जा," त्या म्हणाल्या. एवढंच. टोमणा मारायची ती वेळ होती आणि त्यांनी मारला नाही.

मोठं इस्पितळ बसने साडेतीन तासांवर. तिथे आनुवंशिक आजारांचा विभाग तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे होता. डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी आधी आईबापांशी काहीच बोलणं केलं नाही. ठमीला टेबलावर बसवलं, तिच्या हातात लाकडी ठोकळा दिला आणि ती तो कसा धरते ते पाहिलं. मग डोळ्यांत बॅटरी मारली, पोट चाचपलं, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला. कमरेच्या थोडं वर तो थांबला.

"इथे उंचवटा कधीपासून?"

"मला वाटलं बसायची सवय वाईट आहे," बायको म्हणाली.

रक्त, लघवी, हाडांचे फोटो यांत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"नाव लांबलचक आहे. म्यूकोपॉलिसॅकरिडोसिस. एमपीएस म्हणा, चालेल. आपल्या पेशींत एक प्रकारची साखरेची लांब साखळी तयार होत असते. काम झालं की ती मोडून टाकावी लागते. मोडणारं एक एंझाइम असतं. हिच्यात ते बहुधा नाहीच, किंवा फारच थोडं आहे. मग जुनी साखळी मोडत नाही, साचत जाते. यकृतात साचते, म्हणून पोट मोठं. सांध्यांत साचते, हाडांत, कानात, मेंदूतही. जन्मतः काही दिसत नाही. पहिलं वर्ष छान जातं. साचायला वेळ लागतो ना."

"माझ्या खाण्यापिण्यातून झालं?" बायकोने विचारलं. "पोटात असताना?"

"नाही."

"आमच्या माहेरचं आहे, असं घरी म्हणतात."

डॉक्टरांनी निरीक्षकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. तुमच्याकडे एक चांगली, एक बिघडलेली. यांच्याकडेही तसंच. एक चांगली असली की माणसाला काही होत नाही, म्हणून दोन्ही घरांत कुणाला कळलं नाही. हिला दोघांकडून बिघडलेलीच आली. एक तुमची, एक यांची. बरोबर अर्धं-अर्धं. घरी असंच सांगा."

बायकोने मान हलवली. तिचा हात ठमीच्या पायाशी होता, तो तिथेच राहिला.

डॉक्टरांनी कार्ड पुढे ओढलं. "पहिल्या दीड वर्षाच्या नोंदी चांगल्या आहेत. मग या तीन." त्यांनी लाल रेघेवर पेन टेकवलं. "एवढ्या तीन नोंदीच पुरेशा होत्या. तेव्हाच कुणीतरी पाठवायला हवं होतं. या खोडल्या कुणी?"

बायको खिडकीकडे पाहू लागली. खिडकीबाहेर इस्पितळाच्या चादरी वाळत होत्या.

"केंद्रातल्या कुणी?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"नाही," निरीक्षक म्हणाला. "केंद्रातल्या सिस्टरांनी पाठवलं होतं. पत्र दिलं होतं. मी खोडल्या."

"तुम्ही?"

"मी वजनमाप निरीक्षक आहे. पट्टी खोटी होती. एकोणीस मिलिमीटर."

"असेल. पण फरक पाहिला नाहीत?"

"नाही." तो थांबला. चुकीचं उत्तर दिल्यावर जसं थांबतात तसा. "पाहिला होता. धरला नाही."

ठमी ठोकळा तोंडात घालत होती.

"तेव्हा आणली असती तर?" त्याने विचारलं.

"काही मुलांना मूळपेशींचं रोपण करतात. दोन-अडीच वर्षांच्या आत झालं तर बुद्धीची वाढ टिकायची शक्यता जास्त असते. तेव्हा हिचं वय..."

"दोन वर्षं आठ महिने."

"म्हणजे तेव्हाही वेळ हातची चाललीच होती. झालंच असतं, असं मी म्हणणार नाही. विचार करता आला असता, एवढं म्हणेन."

"आणि आता?"

"आता हा कुठला प्रकार आहे त्यावर आहे. सौम्य असेल तर दर आठवड्याला सलाईनमधून ते एंझाइम देतात. जन्मभर. साचलेलं सगळं निघत नाही, हाडांत ते फारसं पोचत नाही. पण श्वास, यकृत, चालणं यात फरक पडतो. तीव्र असेल, तर मेंदूचं त्याने थांबत नाही. एंझाइमचा अहवाल पंधरा दिवसांत येईल. जनुकांचा यायला सहा-आठ आठवडे. तो आला की प्रकार नीट कळेल. तोपर्यंत मला काही विचारू नका, कारण मी जे सांगेन तो अंदाज असेल."

परतीच्या बसमध्ये ठमी आईच्या मांडीवर घोरत होती.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर त्यांना कळलं नसतं," बायको म्हणाली.

"तुला कळलं असतं."

"मला चौदा महिने कळतच होतं."

थोड्या वेळाने तिने ठमीचे पाय त्याच्या मांडीवर सरकवले, कारण तिचा पाय बधिर झाला होता.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक कार्यालयात गेला आणि त्याने वरिष्ठांना टिपण लिहिलं. त्यात काय घडलं ते क्रमाने होतं. आरोग्य केंद्रातली उंचीची नोंद थांबवण्याची सूचना त्याने दिली होती; ती देण्याचा त्याला अधिकार नव्हता, त्याचा अधिकार पट्टीपुरता होता; सूचनेमुळे एकशे बेचाळीस मुलांची चौदा महिन्यांची नोंद झाली नाही. त्यांतल्या एका मुलीचा तो बाप असल्याचं शेवटच्या ओळीत होतं. वरिष्ठ म्हणाले, "अहो, एवढं कोण लिहितं? कुणी तक्रारसुद्धा केलेली नाही." त्याने आवक क्रमांक घालून घेतला.

तिथून तो केंद्रात गेला आणि ठमीच्या कार्डावर, लाल रेघांच्या खाली लिहिलं: 'वरील तीन नोंदी वाढीचा फरक पाहण्यासाठी ग्राह्य. खोडण्यात माझी चूक झाली.' सही केली, तारीख घातली.

"आता कशाला, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "उगाच कार्ड भरतंय. आणि डॉक्टर लोकांना कुठलं वाचायला होतंय."

"उरलेल्या मुलांचं काय?"

"एकशे दहा झाली. बत्तीस राहिलीत. लांबच्या वस्तीतली, त्यांच्या आयांना दिवसा सुट्टी नसते." त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सायकल आहे ना तुमच्याकडे? मग फळी बांधा मागे."

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पाच ते सात, चार दिवस, निरीक्षक फळी घेऊन सिस्टरांबरोबर वस्तीवर फिरला. मोजायच्या त्या, लिहायचा तो. एका घरात म्हातारा म्हणाला, "काय साहेब, आता पोरांचीपण पारडी तपासता काय?" सिस्टर म्हणाल्या, "गप बसा आजोबा, नाहीतर तुम्हालाच उभं करते फळीशी. आक्रसलात म्हणून लिहिते कार्डावर." बत्तीस मुलं झाली. ठमीखेरीज एकूण दोघांना पुढे दाखवण्याचं पत्र दिलं गेलं. एकाला बहुधा अन्न कमी पडत होतं. दुसरीचं काय ते अजून कळलेलं नव्हतं.

घरी निरीक्षकाच्या आईला त्याने स्वतः सांगितलं. अर्धं-अर्धं, असं शब्दशः. म्हातारीने ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्याकडूनसुद्धा?" तिने विचारलं. "तुझ्याकडून किंवा बाबांकडून." ती बराच वेळ हातातला चष्मा पुसत राहिली. त्या दिवसापासून ठमीला ठमी म्हणायचं तिने सोडून दिलं. दुसरं काय म्हणावं ते मात्र तिला सुचत नव्हतं, म्हणून ती नुसती "ए बाळा" म्हणायची.

एंझाइमचा अहवाल सतराव्या दिवशी आला. डॉक्टरांचा तर्क बरोबर होता.

पाचव्या आठवड्यात ठमीची श्रवण तपासणी ठरली. ती तीन वर्षं अकरा महिन्यांची होती. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर जाड दाराची छोटी खोली, काचेची खिडकी, बाहेर टेबलावर यंत्र. तपासणाऱ्या मुलीने कानावर लावायचे हेडफोन पुसले. "आवाज आला की हात वर करायचा हं, राणी," ती म्हणाली आणि करून दाखवलं. ठमीने हात खांद्यापर्यंत नेला. त्याच्या वर तो जात नव्हता. "तेवढा चालेल," मुलगी म्हणाली.

यंत्राच्या बाजूला, यंत्र बिनचूक असल्याचं तपासल्याचा कागद चिकटवलेला होता. निरीक्षकाने तो वाचला, कारण असे कागद न वाचता त्याला पुढे जाता येत नसे. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती.

बायकोने त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. तिने ठमीला कडेवर घट्ट धरलं आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"काही म्हणायचंय का तुम्हाला?" तपासणाऱ्या मुलीने विचारलं.

"नंतर," निरीक्षक म्हणाला. "आधी हिला आत घ्या."

अकरा वाजून दहा मिनिटांनी दार बंद झालं. आई आत ठमीजवळ बसली. मुलीने एक बटण दाबलं, काचेतून पाहिलं, काही लिहिलं. दुसरं दाबलं, पाहिलं, लिहिलं. निरीक्षक जिथे उभा होता तिथून काचेवर खिडकीचा उजेड पडत होता; ठमी हात वर करतेय की नाही ते दिसत नव्हतं. त्याने विचारलं नाही.

जनुकांचा अहवाल त्या दिवशीही आलेला नव्हता.